खाण तशी माती?

आमच्या एका स्नेह्यांची कन्या इयत्ता नववीत शिकते. विज्ञानाच्या तासाला आनुवंशिकतेचा धडा चालू असता गुरुजींनी एके दिवशी साऱ्या वर्गाला जीभ बाहेर काढावयास सांगितले. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून तिची पन्हळ ज्यांना करता येईल त्यांनी हात वर करावा, घरी जाऊन आईवडिलांच्या जिभा तपासाव्या व दुसऱ्या दिवशी तक्ता करून आणावा, असा तो उपक्रम होता. ही मुलगी जीभ लीलया वळवी. आईला ते साधेना, वडिलांनाही साधेना. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नियम लिहिला गेला, की जीभ वळणे हा गुण प्रभावी आणि न वळणे हा अप्रभावी. सबब आईबाप दोघांचीही वळत नसेल तर अपत्याची वळणार नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "मग हिची कशी वळते?" वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले. मुलगी रात्री भरल्या पानावरून उठली ती आईच्या मागे लागली, की मला तुम्ही कोठून आणले ते खरे सांगा. वडिलांना ही सारी गंमत वाटली. आईला ती वाटली नाही. सासूबाई बाहेरच्याच खोलीत बसल्या होत्या, आणि त्यांना ऐकू कमी येत नाही.

गुरुजींना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तासाला चाळीस मिनिटे, वर्गात साठ मुले आणि डोक्यावर परीक्षा, अशा माणसाने हाती आलेले उदाहरण द्यावे यात नवल नाही. आमचे भांडण त्या उदाहरणाशी आहे, आणि ज्या वृत्तीने असली उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांतून व शिकवण्यांतून चालू राहतात तिच्याशी आहे. "खाण तशी माती" हे तत्त्वज्ञान आमच्या घराघरांतून पाळण्यापासून ऐकू येते. मुलगा गणितात नापास झाला तर ते आजोळचे रक्त, आणि गाण्यात बक्षीस मिळवून आला तर तो आमच्या घराण्याचा गुण! आनुवंशिकतेचा धडा शाळेत येतो तो ही समजूत उपटून टाकण्यासाठी, असे कोणी भोळेपणाने समजेल. प्रत्यक्षात तो धडा तिला खतपाणी घालतो, हे आमचे म्हणणे आहे.

प्रथम त्या जिभेचाच निकाल लावू. हे उदाहरण आले कोठून? आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा अमेरिकन शास्त्रज्ञ सामान्य नव्हता. गुणसूत्रावर जनुके कोणत्या क्रमाने बसली आहेत याचा जगातील पहिला नकाशा त्याने 1913 साली, विद्यार्थिदशेतच, तयार केला. याच स्टर्टेव्हंटने 1940 साली एक छोटा निबंध लिहून जीभ वळविण्याची शक्ती आनुवंशिक असावी असे सुचविले. बारा वर्षांनी मॅटलॉक नावाच्या संशोधकाने एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या तेहतीस जोड्या तपासल्या. त्यांपैकी सात जोड्यांत एकाची जीभ वळे आणि दुसऱ्याची वळत नसे. ज्यांची जनुके सारखी त्यांच्यात जर हा भेद पडतो, तर एका जनुकाच्या एका जोडीने हा गुण ठरतो हे म्हणणे तेथेच संपले. स्टर्टेव्हंटने ते मान्य केले. 1965 साली आपल्या शास्त्राचा इतिहास लिहिताना त्याने, हे उदाहरण अजून पुस्तकांतून सिद्ध म्हणून छापले जाते याचा आपल्याला संकोच वाटतो, अशा आशयाची कबुलीही देऊन ठेवली. ज्याने मत मांडले त्यानेच ते मागे घेतले. त्याला आता साठ वर्षे होऊन गेली, आणि तरीही आमची मुले वर्गात जिभा बाहेर काढून बसली आहेत. मनुष्य चूक कबूल करतो. क्रमिक शिक्षणाला ती सवय नाही.

कानाच्या पाळीची गोष्ट निराळी नाही. पाळी गालाला चिकटलेली की सुटी, हे पाहून मुलांनी नियम बसवावयाचा असतो. पण वर्गातले कान प्रामाणिकपणे पाहिले तर निम्मे कान धड चिकटलेले नसतात आणि धड सुटेही नसतात. त्या गुणामागे अनेक जनुके आहेत. डोळ्यांच्या रंगाचेही तसेच. घाऱ्या डोळ्यांची मुलगी काळ्या डोळ्यांच्या घरात जन्मली म्हणजे आमच्या लोकांच्या जिभा किती वळतात, हे वाचकांस सांगावयास नको.

यावर कोणी म्हणतील, की बरे, जीभ व कान सोडा. रक्तगटाचे तरी गणित पक्के आहे ना? पुष्कळ पक्के आहे, आणि म्हणूनच त्याचा अपवाद शिकविण्याजोगा आहे. तो अपवाद अन्य कोठे नव्हे, मुंबईत सापडला. डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी 1952 साली असे रक्त वर्णिले, की जे तपासणीत 'ओ' गटासारखे दिसे, पण 'ओ' गटाचेही रक्त त्याला चालेना. 'ए' व 'बी' ही द्रव्ये ज्या पायाभूत द्रव्यापासून बनतात तेच या लोकांच्या शरीरात तयार होत नाही. जनुक 'ए'चे असो वा 'बी'चे, त्याला काम करावयास भांडवलच मिळत नाही. अशा मनुष्याचे अपत्य दुसऱ्या पालकाकडून ते भांडवल घेऊन आले, की दडलेला 'ए' किंवा 'बी' त्याच्या रक्तात उजळ माथ्याने प्रकट होतो. शाळेच्या तक्त्याप्रमाणे पाहावयाचे तर तो मुलगा त्या आईबापांचा असूच शकत नाही. वस्तुतः तो त्यांचाच असतो. आपल्या देशात हा गट सुमारे दहा हजारांत एकाचा. जगभरच्या वैद्यकग्रंथांत तो मुंबईच्या नावाने ओळखला जातो, आणि मुंबईतल्या किती शाळांतून तो फळ्यावर येतो हे वाचकांनी आपल्या मुलांनाच विचारावे.

येथे मेंडेलकडे वळले पाहिजे, कारण त्याच्या नावावर हे सारे खपते. ब्रनोच्या मठातल्या या साधूने 1856 ते 1863 अशी आठ वर्षे, सुमारे अठ्ठावीस हजार वाटाण्याची झाडे तपासून जे पाहिले, ते एखाद्या कसबी सराफाने तोळामासा पाहावे तसे पाहिले. दुसऱ्या पिढीत 5,474 दाणे गोल आणि 1,850 सुरकुतलेले. यातून आमच्या मुलांच्या हाती काय येते? "तीनास एक." त्यापुढे चौकोन आखून त्यात मोठे व छोटे अक्षर भरण्याची एक युक्ती येते, आणि दोन गुण पदरात पडतात. मेंडेलचा खरा शोध असा होता, की आईबापांचे गुण दूध-पाण्यासारखे मिसळून जात नाहीत. अपत्यात न दिसलेला गुण नष्ट होत नाही. तो अखंड राहतो आणि नातवंडांत पुन्हा उभा राहतो. "रक्त" हा शब्द ज्या कल्पनेवर उभा आहे, म्हणजे थेंबभर हलके रक्त मिसळले की सारा घडा नासला, ती कल्पनाच मेंडेलने 1866 साली मोडीत काढली. जगाने त्याचे म्हणणे 1900 पर्यंत ऐकले नाही. आमच्या घरांतून ते अजून ऐकू गेलेले नाही, आणि शाळेने तीनास एक एवढाच आवाज आत सोडला.

'प्रभावी' हा शब्दही असाच घात करतो. मुलाला वाटते, प्रभावी म्हणजे बलवान, श्रेष्ठ, सर्वत्र पसरणारा. अप्रभावी म्हणजे दुबळा. वाटाणा सुरकुततो का, याचे उत्तर 1990 साली इंग्लंडातील नॉर्विच येथे मिळाले. गोल दाण्यात पिष्टाचे रेणू शाखा फोडून बांधणारे एक द्रव्य तयार होते. सुरकुतलेल्या दाण्यात त्याच्या जनुकात सुमारे आठशे अक्षरांचा एक परका तुकडा घुसून ते निकामी झालेले असते. दोन प्रतींपैकी एक प्रत शाबूत असली तरी काम पुरते, म्हणून गोलपणा 'प्रभावी'. यात मल्लविद्या कोठेच नाही. आणि दुबळा म्हणून हिणविलेल्या त्या दाण्याचे वैशिष्ट्य असे, की पिष्ट नीट न बांधले गेल्यामुळे त्यात साखर जास्त उरते. हिवाळ्यात ज्या गोड मटारची उसळ आपण चाटूनपुसून खातो त्याचे बहुतेक वाण वाळल्यावर सुरकुतणारे, म्हणजे या अप्रभावी जातीचे असतात. स्वयंपाकघरातून मूठभर दाणे वर्गात न्यावयास कोणाची मंजुरी लागते?

मेंडेलविषयी आणखी एक गोष्ट शाळेत सांगत नाहीत. वाटाण्यानंतर त्याने हायरेशियम नावाच्या एका रानफुलावर तोच प्रयोग केला आणि त्याचे नियम तेथे लागू पडेनात. त्याने तेही छापले. ज्याने सात गुण मुद्दाम निवडून घेतले त्याला निवडीची मर्यादा माहीत होती. ती मर्यादा न सांगता वाटाण्याचा नियम माणसाच्या बुद्धीला, स्वभावाला, शीलाला लावणे हा मेंडेलवर अन्याय आहे.

आणि तो लावला गेला. हे केवळ शाळेपुरते प्रकरण नाही, म्हणून आम्ही येथे थोडे थांबतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील विद्वान मंडळी माणसांचे दारिद्र्य, दारूबाजी, मंदबुद्धी हे सारे एकेका जनुकाच्या खात्यावर मांडीत होती. अमेरिकेच्या इंडियाना राज्याने 1907 साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. जर्मनीने 1933 साली केला, आणि त्याखाली सुमारे चार लक्ष माणसे निर्बीज करण्यात आली. आपण दूर उभे राहून हात झटकू नये. 'सुप्रजाजनन' हा शब्द त्या काळी सुशिक्षित मराठी माणसाच्या तोंडी रुळलेला होता, प्रा. ना. सी. फडके यांनी 1927 साली या चळवळीचा पुरस्कार करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले होते, आणि ते काही दुष्ट हेतूने लिहिलेले नव्हते. हेतू चांगला असून गणित चुकले म्हणजे काय होते, हे त्यातून शिकावयाचे.

त्याच काळात बर्लिनमध्ये एक मराठी बाई आपल्या गुरूचे गणित तपासून पाहत होती. इरावतीबाई कर्वे तेथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटचा अभ्यास करीत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू इतरांपेक्षा अधिक असमान असते आणि त्यात त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व आहे, असा फिशर यांचा तर्क. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि वंशावंशांत असा भेद आढळत नाही असे 1930 च्या सुमारास त्याच गुरूच्या संस्थेत लिहून दिले. फिशर यांच्या संस्थेचे पुढे नाझी राजवटीशी काय सूत जमले हे इतिहासात आहे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून इरावतीबाई आमच्या घरोघरी आहेत. आनुवंशिकतेच्या धड्यात मात्र त्यांचे नाव कोणी काढीत नाही. मोजून पाहणे म्हणजे काय, याचे याहून जवळचे उदाहरण मराठी मुलांना दुसरे कोणते मिळणार?

आता आमच्याच वाचकवर्गाच्या एका आवडत्या युक्तिवादाविषयी. सगोत्र विवाह वर्ज्य करणाऱ्या पूर्वजांना जनुकशास्त्र अवगत होते, असे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ व्याख्यानांतून सांगतात आणि टाळ्या घेतात. गोत्र पित्याच्या मागून चालते. मुलाची निम्मी जनुके ज्या मातेकडून येतात तिचे गोत्र लग्नाबरोबर पुसले जाते. दहा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाकडून मनुष्याला सरासरीने हजारावा हिस्सा मिळतो. तेवढ्यासाठी सगोत्र वधू नाकारावयाची, आणि महाराष्ट्रातील अनेक समाजांत रूढ असल्याप्रमाणे मामाची मुलगी मात्र हौसेने करावयाची, जिच्याशी अष्टमांश जनुके सामाईक! सापिंड्याचा नियम मातेकडील पाच पिढ्याही मोजतो, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु रूढी आडवी आली की तो नियम दाराबाहेर उभा राहतो, हेही सर्वांस ठाऊक आहे. पूर्वजांच्या नियमांना सामाजिक कारणे असतील, धार्मिक असतील. त्यांच्या अंगावर मेंडेलचा अंगरखा चढवू नये.

मग शाळेने शिकवावे तरी काय? आमचे उत्तर सरळ आहे. जे उदाहरण खरे आहे आणि ज्यावर माणसांचे जगणे अवलंबून आहे, ते शिकवावे. विदर्भात व सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी व अनुसूचित जातींच्या अनेक समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा विकार आढळतो. रक्तातील तांबड्या द्रव्याच्या एका साखळीत सहाव्या जागी एक घटक बदलतो, इतकाच फरक; हे 1956-57 मध्ये इन्ग्रॅमने दाखविले. पण त्या एका फरकाने रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि मूल वेदनांनी तळमळते. मेंडेलचे तीनास एक येथे हाडामांसाचे होते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी रोगाचा संभव चारांत एक. 'प्रत्येक' या शब्दावर आमचा सारा भर आहे. "एक आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप" असा हिशेब धडाधड चौकोन भरणारा हुशार विद्यार्थीही करतो, कारण तो चौकोन म्हणजे नाणेफेकीचा तक्ता आहे, चार मुलांची यादी नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आमच्या राज्याच्या क्रमिक पुस्तकांत सिकलसेलचे नाव येते, हे आम्ही नाकारीत नाही. ते येते रोगांच्या यादीत, लक्षणे पाठ करण्यासाठी. वाहक म्हणजे रोगी नव्हे, वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी विवाह केल्यास या रोगाचे मूल जन्मत नाही, आणि एक प्रत असलेल्याला मलेरियाच्या प्राणघातक स्वरूपापासून संरक्षण मिळते म्हणूनच हे जनुक टिकून राहिले, ही तिन्ही वाक्ये मुलांच्या मनात पक्की बसली पाहिजेत. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि 2047 पर्यंत हा रोग हटवावयाचा, असा तिचा संकल्प आहे. तपासणी झालेल्या मुलीच्या हाती 'वाहक' असे लिहिलेला कागद पडेल तेव्हा तिचे लग्न मोडेल की तिला सल्ला मिळेल, हे तिच्या गावातल्या शाळेने तो धडा कसा शिकविला यावरही ठरणार आहे.

हे आदिवासींचे दुखणे, आमच्या मुलांना त्याचे काय, असे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात कोणी म्हणेल. थॅलसीमिया याच गणिताने चालतो. सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत त्याचे वाहक अधिक असले, तरी देशात एकंदरीने शंभरांत तीन-चार वाहक धरतात, आणि त्यांत कोणत्याही पेठेला सूट नाही. पत्रिकेतील छत्तीस गुण जुळवून पाहणारी सुशिक्षित मंडळी रक्ताची एक साधी तपासणी करावयास लाजतात!

दुसरा आक्षेप कोवळ्या मनांचा. नववीच्या मुलामुलींसमोर गर्भ, विवाह, वाहक हे विषय नकोत, असे पालकसभेतून ऐकू येते. ज्या मनांना मुलगा की मुलगी हे घरात रोज ऐकावे लागते त्यांच्या कोवळेपणाची ही काळजी उशिरा सुचलेली आहे. नेटी स्टीव्हन्स या विदुषीने 1905 साली एका किड्याच्या पेशींत लिंग ठरविणारे गुणसूत्र पाहिले. अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे आमच्या पुस्तकांत कित्येक वर्षे छापलेले आहे, आणि त्याच पुस्तकांवर पास झालेल्या घरांतून मुलगी झाल्याचा ठपका सुनेवर येतो. गर्भलिंगतपासणीला आळा घालणारा कायदा 1988 साली देशात सर्वांआधी करावा लागला तो महाराष्ट्रालाच. पास होणे आणि समजणे यांत केवढे अंतर असते!

राहिला प्रश्न बुद्धीचा व कर्तृत्वाचा, म्हणजे "आमच्या घराण्यातच आहे" या वाक्याचा. आनुवंशिकता खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. उंच आईबापांची मुले बहुधा उंच होतात. पण दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे वीस सेंटिमीटरने वाढली. शंभर वर्षांत जनुके एवढी बदलत नाहीत. ताटातले अन्न व गावातले आरोग्य बदलले. ज्या घरात तीन पिढ्या पुस्तके आहेत त्या घरातल्या मुलाने वाचावे यात रक्ताचा वाटा किती आणि कपाटाचा किती, हे घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी स्वतःशी एकदा मांडून पाहावे.

त्या मुलीला आम्ही जुळ्यांच्या तेहतीस जोड्यांची आणि स्टर्टेव्हंटच्या कबुलीची हकीकत सांगितली. तिने आईलाही ती पुन्हा सांगावयास लावली, आणि या वेळी सासूबाई आत येऊन बसल्या. मग मुलीने दोन गोष्टी विचारल्या. ही हकीकत वर्गात उभे राहून सांगू का. आणि परीक्षेत हाच प्रश्न आला तर उत्तर काय लिहू. पहिल्याला आम्ही तत्काळ होकार दिला. दुसऱ्याचे उत्तर द्यावयाचे अजून राहिले आहे.